फौजी लेखणीला हवी तोफेमागची नजर

देवळाली कॅम्पात स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आणि शहरात डॉ. मुंजे यांनी 1937 साली सुरू केलेले भोसला मिलिटरी स्कूल. लष्कर नाशिकच्या अंगवळणी पडले आहे. निवृत्त सुभेदार, हवालदार इथेच घरे बांधून राहिले आहेत. अशा शहरातून पाहिले की मराठी युद्धलेखनाची जमा आणि तूट दोन्ही ठळक दिसतात. लढाई अंगावर घेतलेल्या अधिकाऱ्यांनी मराठीला मोलाचे ग्रंथ दिले, पण ते बहुतांशी वरिष्ठांच्या जागेवरून लिहिले गेले.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे ‘माझी शिपाईगिरी’ हे या परंपरेतले ठळक नाव. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगॉची लढाई लढलेला हा सेनानी पुढे पूर्व विभागाचा प्रमुख झाला. चीनकडून हल्ला झाला तर ईशान्य सीमा कुठे आणि किती बळाने राखायची, याचा आराखडा त्यांनी 1959 मध्येच वर पाठवला होता. मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाच्या सरावात तो मांडूनही दाखवला. 1962 चा पराभव अचानक कोसळला, हे लोकप्रिय स्पष्टीकरण एवढ्या एका माहितीपुढे टिकत नाही.

त्याच पराभवावर आणखी दोन फौजींनी मराठीत लिहिले. कर्नल श्याम चव्हाण यांची ‘वालाँग : एका युद्धकैद्याची बखर’ ही स्वतः भोगलेल्याची साक्ष. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ मात्र अख्खे युद्ध कवेत घेते. पित्रे यांनी ‘डोमेल ते कारगिल’मध्ये काश्मीरसाठीची युद्धेही एका सूत्रात ओवली. साक्ष आणि इतिहास यांत फरक असतो, आणि मराठीला दोन्हींची गरज आहे. साक्षीत भूक, थंडी, अपमान असतो. इतिहासात निर्णयाची जबाबदारी कोणाची, हे ठरते.

पत्रकारांचा वाटाही लहान नाही. महाराष्ट्र टाइम्समधले दि. वि. गोखले आणि ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ लिहिणारे वि. स. वाळिंबे यांनी गणवेश न घालता युद्धशास्त्र मराठी घरांत नेले. आज ब्रिगेडियर हेमंत महाजन यांच्यासारखे निवृत्त अधिकारी वर्तमानपत्रांतून सातत्याने लिहितात. वाचकाला त्याचा उपयोग होतोच, पण स्तंभाला ताज्या घटनेमागे धावावे लागते. जुनी लढाई पुन्हा उकलून पाहायला तिथे जागा उरत नाही.

खरी तूट तोफेमागे आहे. कारगिलमध्ये तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. हा आकडा सर्वत्र छापून येतो. त्यामागचे काम क्वचितच. उंचावरच्या विरळ हवेत गोळा नेहमीच्या हिशेबापेक्षा लांब जातो, म्हणून सपाटीवरची कोष्टके तशीच वापरता येत नाहीत. तोफेवरच्या जवानांना लक्ष्य बहुधा दिसतही नाही. पायदळाबरोबर पुढे गेलेला निरीक्षक अधिकारी वायरलेसवर ‘इतके डावीकडे, इतके पुढे’ सांगतो आणि त्या शब्दांवर डोंगरामागची तोफ फिरते. चूक झाली तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. हे विश्वासाचे नाते एखाद्या गनरने लिहिले, तर मराठीला नवे युद्धसाहित्य मिळेल.

दुसरी अडचण कागदांची. 1962 च्या अपयशाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. संरक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये नवे धोरण आणले. त्यानुसार युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः 25 वर्षांत खुली व्हायला हवीत. पण कागद आले तरी ते मराठीत उलगडणारा, नकाशा वाचता येणारा लेखक लागेल. प्रकाशकांनीही युद्धाच्या पुस्तकात नीट नकाशे आणि सूची द्यायलाच हव्यात.

नाशिकपुरते पहिले पाऊल फार खर्चाचे नाही. 1840 पासूनची परंपरा असलेले सार्वजनिक वाचनालय आणि इथली महाविद्यालये मिळून माजी सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करू शकतात. नाव, रेजिमेंट, ठिकाण, तारीख यांसह. 1971 चे युद्ध लढलेले जवान सत्तरी ओलांडून गेले आहेत, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून आणि याच वर्षी व्हायला हवी.