बिस्कीट नेमके कधी पडते?

मीरा रोडच्या नया नगरातील एका गल्लीत आम्ही अनेकदा पाहिलेला प्रकार. फाटकाशी कुत्रा भुंकू लागतो. त्याला गप्प करण्यासाठी कुणीतरी बिस्कीट टाकतो. भुंकणे थांबते. दुसऱ्या दिवशी कुत्रा पुन्हा हजर, आणि आवाज अधिक मोठा! मग सगळे म्हणतात, काठीच हवी. वास्तविक, आपण शिकवले तेच तो शिकलेला असतो.

हे समजून घेण्यासाठी कॅरन प्रायर यांचे 'डोन्ट शूट द डॉग!' (१९८४) हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. लेखिका १९६३ पासून हवाई बेटांवरील 'सी लाइफ पार्क'मध्ये डॉल्फिनांना शिकवीत. पोहणाऱ्या डॉल्फिनला साखळी बांधता येत नाही, छडीही मारता येत नाही. हाती उरतात शिटी आणि मासे. हवी ती हालचाल होताच शिटी, मागोमाग मासा. कुत्र्यांसाठी अशीच युक्ती स्किनर यांनी १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधील लेखात सुचवली होती. वर्तनानंतर काही हवेसे मिळाले की ते वर्तन वाढते. हेच धन प्रबलन. खाऊपेक्षा वेळ महत्त्वाची. बसलेला कुत्रा उठल्यावर शाबासकी दिली, तर शाबासकी उठण्याला मिळते.

नकोसे वर्तन थांबवण्याचे आठ मार्ग लेखिका सांगतात. पहिला मार्ग प्राण्याला गोळी घालण्याचा. पुस्तकाचे नाव त्यावरूनच आले. दुसरा शिक्षेचा. शिक्षा चूक घडून गेल्यावर येते आणि काय करावे हे सांगत नाही, हे त्यांचे विवेचन आम्हांला पूर्ण पटते.

खटकते ते वेगळेच. कुत्रा, मांजर, जोडीदार, मूल या सर्वांना लेखिका एकाच तक्त्यात बसवतात. लेपर, ग्रीन व निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग येथे आठवतो. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना त्यासाठी प्रशस्तिपत्र कबूल केले. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत मात्र ही घट दिसली नाही. म्हणजे बक्षीस वाईट नव्हे; आधी दाखवलेले आमिष आवड कमी करू शकते. हा भेद वर्गात विसरून चालणार नाही.

तरीही पुस्तकाचा मुख्य धडा मोलाचा आहे. गोंधळ घालणाऱ्या मुलाकडे आपण लगेच वळतो आणि शांतपणे काम करणाऱ्याकडे पाहतही नाही. आपले लक्ष हेच अनेक मुलांचे बिस्कीट असते. छडी उचलण्यापूर्वी ते नेमके कधी पडते, एवढे आठवडाभर टिपून पाहावे.