'बरं आहे' यात काय काय मोजलं जात नाही?

'ईक्यू-५डी-५एल' हे नाव एखाद्या मोबाइलच्या मॉडेलसारखं वाटतं, पण ती आहे एक प्रश्नावली. माणसाच्या जगण्याची गुणवत्ता मोजायला ती जगभर वापरतात. मुद्दे पाचच: हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, आणि चिंता किंवा उदासी. प्रत्येकाला १ ते ५ पैकी एक आकडा द्यायचा. १ म्हणजे काही त्रास नाही, ५ म्हणजे टोकाचा. पाच उत्तरं ओळीने मांडली की कोड तयार, उदाहरणार्थ २१२३१. असे एकूण ३,१२५ कोड होतात. शेवटी ० ते १०० अशा उभ्या पट्टीवर आजच्या तब्येतीची खूण करायची. संपलं.

या मजकुराची मोठी जमेची बाजू म्हणजे तो आजाराचं नाव विचारत नाही. एकाच माणसाला डायबेटिस, दमा आणि संधिवात असेल, तर हॉस्पिटलात त्याचे तीन पेशंट होतात: तीन फायली, तीन ओपीडी, तीन डॉक्टर. इथे मात्र माणूस एकच राहतो. जिना गुडघ्यामुळे चढवत नाही की दम्यामुळे, याला महत्त्व नाही. चढवत नाही, याला आहे.

पण यात काय सुटतं, ते पाहायला आणखी एक मजकूर शेजारी ठेवू. २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी एक काल्पनिक बाई उभी केली. वय ७९. रक्तदाब, डायबेटिस, सांधेदुखी, ठिसूळ हाडं आणि फुप्फुसांचा जुनाट विकार. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं तंतोतंत पाळली तर तिला १२ औषधं घ्यावी लागतात, दिवसातून ५ वेळा मिळून १९ डोस. वर पथ्यं, व्यायाम, तपासण्या. बाईला नाव नाही, गाव नाही, तरी ती ओळखीची वाटते.

आता तिच्या हातात आपली प्रश्नावली देऊ. हळू चालते, पण चालते: २. आंघोळ स्वतःची स्वतः: १. कोड बरा येईल. पण तो बरा ठेवायला तिचा किती दिवस खर्च झाला, हे विचारणारी ओळच नाही. सर्व्हर सुरू आहे एवढं डॅशबोर्ड दाखवतो. तो सुरू राहावा म्हणून रात्रभर कोण जागलं, ते दाखवत नाही. 'रोजची कामं' हा मुद्दा तर आणखी फसवा. लग्नकार्याला जाणं सुटलं, बाजार सुटला, की काही वर्षांनी ती 'रोजची कामं' राहतच नाहीत. उरलेल्या दोन कामांत अडचण नाही, म्हणून उत्तर १.

या कोडला पुढे किंमत दिली जाते. पूर्ण आरोग्य म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. त्यासाठी सर्वसामान्य लोकांना विचारतात: अशा अवस्थेतली १० वर्षं हवीत, की धडधाकट असलेली कमी वर्षं? किती कमी चालतील? भारताचा स्वतःचा किंमत-संच २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५५५५५ या अवस्थेची किंमत शून्याच्याही खाली, उणे ०.९२३ आहे. खर्च सार्वजनिक पैशांतून होणार, तर मतही सगळ्यांचं घ्यावं, हा युक्तिवाद मला पटतो. मात्र धडधाकट माणसाला कल्पनेत दिसतो तो पहिल्या दिवसाचा धक्का. पंधराव्या वर्षीची सवय आणि पंधराव्या वर्षीचा कंटाळा, दोन्ही त्याला दिसत नाहीत. आणि कोणता उपचार पैशांच्या मोलाचा, हे ठरवताना हेच आकडे वापरले जातात.

म्हणून ही प्रश्नावली टाकून द्यावी असं नाही. छोटी आहे, म्हणूनच ती भरली जाते. पण आजाराइतकाच उपचारांचाही भार असतो. २००९मध्ये कार्ल मे, व्हिक्टर माँटोरी आणि फ्रान्सिस मेअर यांनी रुग्णाच्या जगण्यात कमीत कमी ढवळाढवळ करणाऱ्या वैद्यकाची मागणी केली, ती याच कारणासाठी. पाच आजार सांभाळणाऱ्या माणसाला सहावा प्रश्न विचारायला हवा: आज बरं राहण्यात किती वेळ गेला, आणि उरलेल्या वेळाचं तुम्ही काय केलंत?