खांबाभोवतीचा वेग आणि एक जुना नट

विदर्भात शंकरपट ठाऊक नाही असा माणूस विरळा. बैलजोडी सुटते, काही सेकंदांत शेवटच्या रेषेवर पोचते आणि सेकंदाच्या अंशावरून निकाल लागतो. पण शंकरपट सरळ रेषेत असतो. त्याच जोडीला भरवेगात एका खांबाला वळसा घालायला लावला तर? शर्यतीचे गणितच बदलेल. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील पंख्याची लढाऊ विमाने अशीच खांबांभोवती पळवतात. या शर्यतींच्या चित्रफिती आता यवतमाळ-पुसदच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरही दिसतात. विद्यार्थी त्याबद्दल विचारतील, तेव्हा शिक्षकाने काय सांगावे? या खेळाची विज्ञानाच्या अंगाने थोडी चिकित्सा करावी, असे आम्हांस वाटते.

ही शर्यत नेवाडा राज्यातील रेनो येथे १९६४ साली सुरू झाली. तेथील शेवटची शर्यत २०२३ साली झाली व २०२५ साली ती न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे गेली. उंच खांबांच्या टोकाला रंगवलेली पिंपे बसवून मार्ग आखतात. सर्वांत वेगवान गटाची एक फेरी रेनोला सुमारे १३ कि.मी.ची होती. या गटात मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी ही विमाने असतात. ही नावे आपल्याला अगदीच परकी नाहीत. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात भारतीय हवाई दलाने वापरलेले टेम्पेस्ट हे सी फ्युरीचे थोरले भावंड. शर्यतीत ज्यांचा स्वतंत्र गट असतो, त्या हार्वर्ड विमानांवर आपल्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या शिकल्या.

आधी या खेळाचे श्रेय देऊ. पदार्थविज्ञान शिकवायला इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते. ताशी ८०० कि.मी. वेग धरू. यवतमाळहून आर्णी सुमारे ४० कि.मी. हे अंतर असे विमान तीन मिनिटांत कापील. सेकंदाला हा वेग २२२ मीटर होतो. वळताना वैमानिकाला वजनाच्या चौपट भार जाणवतो असे मानले, तर विमान ७५ अंशांहून थोडे अधिक कलते आणि वळणाची त्रिज्या सुमारे १३०० मीटर येते. सत्तर किलोच्या माणसाला आपण २८० किलोचे झालो असे वाटते. अकरावीचा विद्यार्थी हे गणित पाच मिनिटांत सोडवू शकेल.

दुसरे गणित पंख्याचे. मस्टँगचा पंखा ३.४ मीटर व्यासाचा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते, तेव्हा दातेरी चाकांमुळे पंखा सेकंदाला सुमारे २४ फेरे घेतो. म्हणजे पात्याच्या टोकाचा फिरण्याचा वेग सुमारे २५६ मीटर. त्यात पुढे जाण्याचा २२२ मीटरचा वेग काटकोनात मिळवा. बेरीज सुमारे ३३९ मीटर, म्हणजे जवळजवळ ध्वनीचा वेग! तेथे पोचले की पात्यांची कार्यक्षमता झपाट्याने घसरते. पंख्याच्या विमानाची मर्यादा येथे वहीवरच दिसते.

तिसरे गणित सर्वांत महत्त्वाचे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. ताशी ७०० वरून ८०० कि.मी.वर जायचे, तर वेग १४ टक्के वाढतो, शक्ती मात्र ४९ टक्के अधिक लागते. ती मिळवण्यासाठी इंजिन पिळून काढतात, पंख कापून आखूड करतात, थंड करण्याची मूळ योजना काढून दुसरी बसवतात. पण त्याच वेळी शेपटीच्या प्रत्येक पट्टीवरचा हवेचा दाबही ३१ टक्के वाढलेला असतो. टीकेचा मुद्दा येथून सुरू होतो.

शर्यतीचे समर्थक दोन दावे करतात. एक, शर्यतीमुळे विमानविद्या पुढे जाते. दोन, जुना वारसा जिवंत राहतो. पहिला दावा एके काळी खरा होता. श्नायडर करंडकाच्या शर्यतीत १९३१ साली सुपरमरीन कंपनीच्या विमानाने ताशी सुमारे ५४७ कि.मी. वेग गाठला. त्याचा रचनाकार मिचेल याने पुढे स्पिटफायर घडवले. ते यंत्र नवे होते, कारखान्यात मोजमापे घेऊन, चाचण्या करून बनवलेले होते. रेनोची गोष्ट निराळी. फेरबदल केलेल्या एका मस्टँगने २०१७ साली, तीन कि.मी.च्या सरळ मार्गावर, ताशी सुमारे ८५५ कि.मी. गाठले. कौतुक जरूर करावे. पण ग्लॉस्टर मेटिऑर या जेट विमानाने जमिनीलगत ताशी सुमारे ९७५ कि.मी. वेग १९४५ सालीच गाठला होता. विमानविद्येने तो रस्ता केव्हाच मागे टाकला आहे.

दुसरा दावा तपासायला १६ सप्टेंबर २०११ हा दिवस पुरे. ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचे मस्टँग शर्यत चालू असताना एकाएकी वर उसळले आणि प्रेक्षकांजवळ कोसळले. वैमानिक व दहा प्रेक्षक ठार झाले, साठांहून अधिक जखमी झाले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जे निघाले, ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. शेपटीच्या कडेला समतोल साधणारी एक छोटी पट्टी असते. तिचे स्क्रू धरून ठेवणारे लॉकनट जुने होते, पुन्हा वापरलेले होते, आतले कडे झिजलेले होते. स्क्रू सैल झाले, एकात तडा गेला, पट्टीचा ताठपणा कमी झाला. वादळात सुटलेला पत्रा फडफडतो तशी ती पट्टी फडफडू लागली आणि तुटली. वर झेपावताना इतका भार आला, की वैमानिकाची शुद्ध हरपली. विमानात केलेल्या मोठ्या फेरबदलांची पुरेशी चाचणी झाली नव्हती व नोंदही ठेवलेली नव्हती, हेही मंडळाने अपघाताचे कारण म्हणून नोंदवले. रेनोच्या २०२३ मधील अखेरच्या दिवशीही हार्वर्ड गटातील दोन विमाने उतरताना एकमेकांवर आदळली आणि दोन्ही वैमानिक दगावले.

पंख कापलेले, पोट बदललेले विमान हा वारसा कसा? भारतीय हवाई दलाने टायगर मॉथ आणि हार्वर्ड दुरुस्त करून हवाई दल दिनाच्या संचलनात उडवले, त्याला आम्ही वारसा म्हणू. तेथे जुन्या यंत्राकडून त्याच्या कुवतीबाहेरचे काही मागितलेले नव्हते.

आमचा आक्षेप धाडसाला नाही. वैमानिकाने स्वतःचा जीव पणाला लावणे हा त्याचा निर्णय असू शकेल. बाकांवर बसलेल्या प्रेक्षकांनी तो घेतलेला नव्हता. प्रयोग आणि साहस यांत फरक एवढाच, की प्रयोगात काय बदलले ते लिहून ठेवतात, थोडे थोडे वाढवत तपासतात आणि निकाल दुसऱ्यांना दाखवतात. शर्यतीत जिंकण्यासाठी हेच दडवले किंवा टाळले जाते. अपघातानंतर मंडळाने नेमक्या याच गोष्टी मागितल्या: बदललेल्या विमानांची अभियांत्रिकी तपासणी, वैमानिकांना भार सोसण्याचे प्रशिक्षण, मार्ग व प्रेक्षक यांच्या रचनेचा फेरविचार.

म्हणून शिक्षकांनी ही चित्रफीत वर्गात अवश्य दाखवावी, गणितेही सोडवून घ्यावीत. पण तेवढ्यावर तास संपवू नये. गावातल्या मोटारसायकल मिस्त्रीला वर्गात बोलवावे आणि नायलॉनचे कडे असलेला नट एकदा काढल्यावर पुन्हा का लावू नये, ते विचारावे. नवा व वापरलेला नट मुलांच्या हातात द्यावा. हाताने फिरवताच फरक कळतो. आपल्या मुलांपैकी कोणी लढाऊ विमान पळवील की नाही, कोणास ठाऊक. गाडीचा वेग वाढवायला तिच्यात हवे ते बदल करणारी मुले मात्र आपल्याच वर्गात बसलेली आहेत.