खंडाळ्याचा हजेरीपट

1876 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या चौथ्या खंडात रेव्हरंड एस. बी. फेअरबँक यांचे एक टिपण छापून आले. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव या भागांत सह्याद्रीच्या रांगेवर, तसेच कोकणात सावंतवाडीजवळ जमवलेल्या पक्ष्यांची ही यादी. यादीला कसला आला रस, असे कोणीही विचारील. पण ज्या टपालातून ती जन्मली ते टपाल डोळ्यांसमोर ठेवून वाचली, तर मावळच्या घाटमाथ्यावर लिहिलेल्या गद्यात तिला मानाची जागा द्यावी लागते.

फेअरबँक (1822–1898) अमेरिकेतले. अमेरिकन मराठी मिशनसाठी ते 1846 मध्ये मुंबईला आले आणि पुढचे आयुष्य त्यांनी मुख्यतः अहमदनगरच्या परिसरात, वडाळ्याच्या मिशनमध्ये काढले. धर्मोपदेशाच्या जोडीला पक्षी आणि गोगलगायी जमवण्याचा नाद होता. पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी 1869 मध्ये फेअरबँक यांचे नाव दिले, ते आजही टिकून आहे. पण हा माणूस लिहीत होता कोणासाठी? सिमल्याला बसलेल्या एका संपादकासाठी. त्याचे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम.

ह्यूम म्हटले की आपल्याला 1885 ची काँग्रेस आठवते. त्याआधीची कित्येक वर्षे हा सनदी अधिकारी भारतभरच्या पक्षीप्रेमींशी पत्रव्यवहार करत होता. 1872 मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ काढले आणि 1888 पर्यंत त्याचे अकरा खंड निघाले. लिहिणारे कोण? जिल्ह्याचे कलेक्टर, पलटणीतले कप्तान, डॉक्टर, मिशनरी. दख्खनच्या पक्ष्यांवर 1878 मध्ये ज्या दोघांनी मिळून लिहिले त्यांतले डेव्हिडसन सनदी नोकर होते, तर वेंडन जीआयपी रेल्वेत. दक्षिण कोकणाची यादी 1880 मध्ये विडाल यांनी दिली. यांतला जवळजवळ कोणीच पोटासाठी पक्षी पाहत नव्हता. कचेरीचे काम आटोपल्यावर, दौऱ्यावरच्या तंबूत, कंदिलाच्या उजेडात ही टिपणे लिहिली जात.

विलायतेतही विज्ञान असेच टपालाने चालले होते. डार्विन यांचा पसारा सगळा पत्रांवर उभा. त्यांच्या पत्रव्यवहारातली सुमारे 15,000 पत्रे आज माहीत आहेत. कबुतरांच्या आणि कोंबड्यांच्या जाती तपासायच्या होत्या तेव्हा 1856 मध्ये त्यांनी मद्रासच्या वॉल्टर एलियट यांना पत्र लिहून कातडी मागवली. हे एलियट तरुणपणी धारवाडकडे, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण मराठा मुलखात नोकरीला होते आणि तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी 1839 मध्येच छापली होती. डार्विन यांच्या पत्रांवर पुस्तकांमागून पुस्तके निघतात. खंडाळ्याच्या यादीकडे मात्र पक्षीतज्ज्ञांपलीकडे कोणी फिरकत नाही.

आता यादीच्या घडणीकडे येऊ. ‘स्ट्रे फेदर्स’मधल्या याद्यांत पक्ष्याच्या नावाआधी एक आकडा असतो. तो यादीतला अनुक्रम नव्हे. जर्डन यांच्या ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ (1862–64) या ग्रंथात त्या पक्ष्याला जो क्रमांक आहे तो हा. त्यामुळे आकडे उड्या मारत जातात. जर्डन यांचा ग्रंथ हा साऱ्या देशाचा हजेरीपट, आणि गावोगावचा लेखक आपल्या डोंगरावर कोण हजर आहे तेवढे टिपून कळवतो. गैरहजर कोण ते वाचकाने मधल्या गळलेल्या आकड्यांवरून ओळखायचे. जर्डन यांच्यानंतर सापडलेल्या पक्ष्यांसाठी जुन्या क्रमांकापुढे ‘बिस’, ‘टर’ अशी शेपटी जोडून जागा केलेली असते. ज्ञान कसे वाढते हे त्या शेपट्यांत दिसते: आधीच्याचे मांडलेले मोडायचे नाही, त्याच्या शेजारी सरकून बसायचे.

जर्डन यांच्या क्रमात पहिले सात आकडे गिधाडांचे. म्हणजे त्या काळातली कोणत्याही गावची यादी साधारणपणे गिधाडांनीच उघडायची. सह्याद्रीच्या कड्यांवर गिधाडे असणे ही तेव्हा टिपण्याजोगी नवलाई नव्हती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने नंतर देशातली बहुसंख्य गिधाडे संपवली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली तोवर काही जातींत शंभरातली पाचसुद्धा उरली नव्हती. लिहिताना ज्या आकड्यांवरून लेखणी सहज पुढे सरकायची, तिथेच आजच्या वाचकाचे बोट थबकते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आज लोणावळ्याला हिवाळ्यात पाणपक्षी पाहायला लोक वळवणकडे जातात. वळवण, शिरवता ही धरणे टाटांच्या वीजप्रकल्पासाठी 1910 नंतरच्या दशकात बांधली गेली. पवना धरण त्याच्याही नंतरचे. 1876 मध्ये ही तळी नव्हतीच. फेअरबँक यांच्या वाट्याला आलेले खंडाळे म्हणजे दरी, रान, पावसाळी ओढे आणि 1863 मध्ये बोरघाट चढून आलेली आगगाडी. जुनी यादी आजच्या यादीशेजारी ठेवली की पक्ष्यांबरोबर भूगोलही बदललेला दिसतो. वनस्पतींच्या बाजूने हेच काम पुढे फादर सांतापाव यांनी केले. त्यांची खंडाळ्याची वनस्पतिसूची 1953 मध्ये आली.

भाषा कोरडी आहे, पण सपाट नाही. या नियतकालिकात कोणी काही लिहिले की मजकुराच्या मध्येच किंवा खाली संपादकाचा शेरा हजर होतो. ह्यूम तिथल्या तिथे शंका काढतात, दुजोरा देतात, कधी चिमटाही घेतात. त्यामुळे छापील पानावर दोन आवाज ऐकू येतात: एक डोंगरावरचा, पाहिले तेवढेच सांगणारा, दुसरा सिमल्याचा, देशभरच्या नमुन्यांच्या राशीत बसून ताडून पाहणारा. पत्र आणि त्याचे उत्तर एकाच पानावर मिळणे हा वाचनाचा दुर्मीळ आनंद आहे.

या लेखनाचे उणेही सांगायला हवे. पक्षी ओळखायचा तर तो मारायचा, ही त्या काळची रीत. ‘जमवलेले’ या साध्या शब्दामागे बंदूक आहे. आणि रान ज्यांच्या पायाखालचे, त्या ठाकर-कातकऱ्यांची नावे अशा लेखनात बहुधा येत नाहीत. आली तर ‘माझा शिकारी’ एवढीच. पत्रव्यवहार साहेबांचा, पायपीट इतरांची.

तरीही या लेखनाचा प्राण असलेली एक गोष्ट आजही खरी उतरते: कोणी, कुठे, केव्हा पाहिले हे प्रामाणिकपणे लिहिणे. रानपिंगळ्याचे उदाहरण घ्या. ह्यूम यांनीच 1873 मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये या घुबडाचे वर्णन केले. पुढे डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने मिळवले. 1884 नंतर तो पक्षी दिसेनासा झाला. पुढे मायनर्ट्‌झहागेन या नामांकित संग्राहकाने संग्रहालयातला डेव्हिडसन यांचाच एक नमुना चोरला, त्यावर गुजरातेतल्या मांडवीची, 1914 सालची चिठ्ठी लावली आणि तो आपला म्हणून मिरवला. त्या खोट्या चिठ्ठीमागे लागलेले शोधक भलतीकडेच फिरत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नोंदींवर विश्वास ठेवला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, 113 वर्षांनी, रानपिंगळा सहकाऱ्यांसह डोळ्यांनी पाहिला. खानदेशातल्या एका अधिकाऱ्याने शतकापूर्वी खरे गाव लिहिले होते, म्हणून हे झाले.

ह्यूम यांच्या स्वतःच्या नशिबी वेगळे आले. भारतीय पक्ष्यांवरच्या महाग्रंथासाठी त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेली हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. खचून त्यांनी सुमारे 82,000 नमुन्यांचा संग्रह 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यांचा महाग्रंथ झालाच नाही. उरली ती छापलेली पत्रे आणि याद्या, आणि अभ्यासकाला पुरली तीही तीच. मोठ्या ग्रंथाची वाट न पाहता पाहिलेले लगेच छापून सर्वांपुढे ठेवावे, या त्यांच्याच संपादकीय धोरणाचा हा विजय म्हणायला हवा.

शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गाने खंडाळ्याला येणाऱ्यांत आज दुर्बीण घेतलेले पुष्कळ असतात. फोटो निघतात, पाठवले जातात, विसरले जातात. त्यांना एवढेच सांगणे: पक्षी, जागा, तारीख आणि स्वतःचे नाव, एवढे मराठीत एका वहीत लिहा, आणि वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याचे नावही त्यातच लिहा. फेअरबँक यांच्या यादीचा पुढचा भाग लिहायचा आहे, आणि तो मावळातल्याच माणसांनी लिहायला हवा.