एकच उशीर, दोन मापे

लवादाचे निवाडे रस घेऊन वाचायचे नसतात, कामापुरते चाळायचे असतात. मीही बहुतेक तसेच चाळतो. पण ‘व्हाइट इंडस्ट्रीज ऑस्ट्रेलिया विरुद्ध भारत’ हा 30 नोव्हेंबर 2011 चा निवाडा मला पुन्हा पुन्हा उघडावासा वाटतो, आणि तो निकालासाठी नव्हे. निकाल एका ओळीत सांगता येतो. त्या ओळीपर्यंत तिघे लवाद ज्या वाटेने पोचतात, ती वाट पाहण्यासारखी आहे.

गोष्ट कोळशाची. पिपरवार ही उत्तर करणपुरा पट्ट्यातली खाण, तेव्हा बिहारात होती, आता झारखंडात आहे. 1989 मध्ये कोल इंडिया आणि व्हाइट यांचा करार झाला. वीस कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरच्या मोबदल्यात व्हाइटने यंत्रसामग्री पुरवायची आणि खाण उभी करून द्यायची. ठरल्याहून जास्त उत्पादन झाले तर बोनस, कमी झाले तर दंड. त्या बोनस-दंडावरूनच बिनसले. कोल इंडियाने बँक गॅरंटी वटवली, प्रकरण आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या लवादाकडे गेले, आणि मे 2002 मध्ये व्हाइटला सुमारे 40 लाख 80 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळावेत असा बहुमताचा निवाडा झाला.

मिळावेत, एवढेच. सप्टेंबर 2002 मध्ये कोल इंडिया तो निवाडा रद्द करून घ्यायला कोलकात्याच्या उच्च न्यायालयात गेली. त्याच महिन्यात व्हाइट तोच निवाडा बजावून घ्यायला दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. व्हाइटचे कोलकात्यातले म्हणणे साधे होते: निवाडा परदेशी आहे, तो रद्द करण्याचा अधिकारच या न्यायालयाला नाही. हा एवढा एक प्रश्न. कोलकात्याने व्हाइटचे म्हणणे फेटाळले, अपीलही फेटाळले. 2004 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. जानेवारी 2008 मध्ये दोन न्यायमूर्तींनी ते मोठ्या पीठाकडे सोपवले. त्यानंतर सुनावणीच झाली नाही. 2010 मध्ये व्हाइटने तो नाद सोडला आणि भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराचा आधार घेऊन थेट भारत सरकारवरच दावा लावला.

दाभोळच्या वेळीही एन्रॉनच्या भागीदारांनी अशाच करारांखाली भारतावर दावे लावले होते, पण ते तडजोडीत मिटले. त्यामुळे गुंतवणूक कराराखाली भारताविरुद्ध गेलेला पहिला जाहीर निवाडा म्हणजे हा खाणीचा. विल्यम रॉली अध्यक्ष, चार्ल्स ब्राउअर आणि क्रिस्टोफर लाउ सदस्य. निवाडा एकमताचा.

पूर्वार्ध वाचताना वाटते, भारत सहज जिंकला. व्हाइटचा एकेक मुद्दा उचलून शांतपणे बाजूला ठेवलेला दिसतो. कोल इंडिया सरकारी मालकीची आहे खरी, पण म्हणून तिची प्रत्येक कृती सरकारची ठरत नाही. मालमत्ता हिरावली म्हणता? निवाडा अजून रद्द झालेलाच नाही. जे शाबूत आहे ते हिरावले कसे? मग येते ‘वाजवी अपेक्षा’. भारत आपल्या न्यायालयांतून परदेशी निवाडे तत्परतेने बजावील, अशी आमची अपेक्षा होती, असे व्हाइटने मांडले. लवादाचे उत्तर असे की भारतीय न्यायालयांवर किती भार आहे हे करार करताना तुम्हाला ठाऊक होते, नसेल तर असायला हवे होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपल्या आज्यांची म्हण इथे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या परीटघडीच्या भाषेत येऊन बसली आहे. मला दर वेळी इथे हसू येते, आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटते.

यानंतर ‘न्याय नाकारला’ हा आरोप. फार जड शब्द. तो सिद्ध व्हायला न्यायव्यवस्थेचे वागणे धक्का बसावा इतके वाईट असावे लागते. इथे लवाद भारताकडे जवळजवळ मायेने पाहतो: 120 कोटींहून अधिक लोकांचा विकसनशील देश, न्यायालये कामाने वाकलेली. उशीर झाला, तो समाधानकारक नाही, पण त्यात खोट नव्हती. न्याय नाकारलेला नाही.

इतके वाचून बेसावध झालेल्या वाचकाला पुढच्या पानांवर निवाडा कुवेतला नेतो.

भारत-ऑस्ट्रेलिया करारात एक कलम होते: तिसऱ्या कुठल्याही देशाच्या गुंतवणूकदाराला जी वागणूक द्याल, तिच्याहून कमी आम्हाला देऊ नका. आणि भारत-कुवेत करारात भारताने वचन दिले होते की गुंतवणूकदाराला आपले दावे मांडण्याची आणि हक्क बजावून घेण्याची परिणामकारक साधने मिळतील. व्हाइटने पहिल्या कलमाच्या दोरीने दुसरे वचन आपल्या अंगणात ओढून आणले, आणि लवादाने ते आणू दिले. आता माप बदलले. परिणामकारक साधनांच्या मापाला न्यायालयांची दुष्टबुद्धी दाखवावी लागत नाही, आणि कामाचा ढीग ही सबबही तिथे फारशी टिकत नाही. शेव्हरॉन विरुद्ध इक्वेडोर या आधीच्या प्रकरणातून ही समज उचलली आहे. वर्षे तीच नऊ, कागद तेच; पहिल्या तागडीत हलके भरलेले दुसऱ्या तागडीत जड भरले.

इथली कारागिरी मला विशेष आवडते ती तिच्या बारकाईमुळे. नऊ वर्षांचा सरसकट ठपका ठेवणे सोपे होते. लवाद तसे करत नाही, तो उशिराची फोड करतो. दिल्लीतल्या बजावणीच्या अर्जाला स्थगिती मिळाली तेव्हा व्हाइट अपिलात गेली नाही. मग तिथल्या थांबण्याचा दोष भारताच्या माथी नाही. दोष एवढाच, की कोलकात्याला अधिकार आहे का, या एका प्रश्नाचे उत्तर नऊ वर्षांत मिळाले नाही, आणि त्यातली पाच वर्षांहून अधिक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नुसते पडून राहिले. जमाखर्च लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजीची ही शिस्त आहे.

भरपाईच्या भागात तर लवाद चक्क आपल्या न्यायालयांचे राहिलेले काम करायला बसतो. पहिला निवाडा भारतीय कायद्याने बजावण्याजोगा होता का? कोल इंडियाचे आक्षेप एकेक घेऊन तपासतो, आणि उत्तर देतो: होता. म्हणून मूळ रक्कम, 1998 पासून 8 टक्के व्याज, शिवाय आधीच्या लवादाचा खर्च. कोलकाता, दिल्ली आणि पुन्हा दिल्ली मिळून जे झाले नाही, ते काही पानांत उरकते.

एक सांधा मात्र मला कच्चा वाटतो, आणि तोच सगळ्यात जास्त भार पेलतो. कुवेतचे वचन ऑस्ट्रेलियाच्या करारात आणणे म्हणजे वाटाघाटींनी साधलेला तोल ढळवणे, असा भारताचा आक्षेप होता. लवादाचे उत्तर असे की तोल ढळत नाही, अनुकूल वागणुकीचे कलम घातले याचा अर्थच हा. उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण इतर मुद्द्यांवर इतका वेळ घेणारा लेखक इथे घाईत आहे. ऑस्ट्रेलियाशी करार 1999 चा, कुवेतशी 2001 चा. शेजारणीला नंतर दिलेल्या शब्दावर आधीच्या पाहुणीने हक्क सांगावा, तर निदान दोन पाने तरी खर्ची पडायला हवी होती.

दिल्लीतल्या सरकारने हा सांधा नेमका हेरला. डिसेंबर 2015 मध्ये भारताने गुंतवणूक कराराचा नवा नमुना मंजूर केला, त्यातून ते अनुकूल वागणुकीचे कलम गाळले. आणखी एक अट घातली: परदेशी गुंतवणूकदाराने आधी निदान पाच वर्षे भारतातल्या न्यायालयांत दाद मागावी, मगच लवादाकडे यावे. पाच! पुढे जुने करारही एकामागून एक संपवले, त्यात ऑस्ट्रेलियाचाही गेला.

आणि व्हाइटचा तो मूळ प्रश्न? सप्टेंबर 2012 मध्ये, म्हणजे कोल इंडिया कोलकात्याला गेली त्याला दहा वर्षे झाली तेव्हा, भारत ॲल्युमिनियमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की परदेशात झालेला निवाडा रद्द करण्याचा अधिकार भारतीय न्यायालयांना नाही. सोबत एक ओळ जोडली: हा नियम आजपासून पुढे होणाऱ्या करारांनाच लागू. पिपरवारचा करार 1989 चा होता.