नऊ आण्यांचं पुस्तक

मराठीतल्या स्त्रीवादी लेखनाचा विषय निघाला की आपण आधी पुण्या-मुंबईकडे बघतो. पण त्यातलं एक फार धारदार पुस्तक आमच्या जिल्ह्यातल्या बाईचं आहे. मी नांदुऱ्याची, म्हणजे घाटाखालची. ताराबाई शिंदे घाटावरच्या, बुलढाण्याच्या. त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. आज मूळ पुस्तकावर कुणाचाच हक्क उरलेला नाही. कुणीही ते उतरवून घ्यावं, फॉरवर्ड करावं, छापावं. प्रश्न दोनच: ते आज वाचण्यासारखं आहे का? आणि फुकट वाचायचं तर कुठलं?

आधी पुस्तकाबद्दल. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, मूल मारलं म्हणून सुरतेत फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू झाला. ताराबाईंचं पुस्तक हे त्याला उत्तर आहे. पद्धत साधी. साहस, मूर्खपणा, कपट असा बायकांवर लादलेला एकेक दोष उचलायचा आणि विचारायचं, हा पुरुषात नाही का? त्या काळच्या कथा-नाटकांत रंगवलेल्या बायकांनाही त्या असंच तपासतात.

मला सगळ्यात आवडते ती भाषा. पुस्तक मोठ्यानं वाचून बघा. ओट्यावर उभं राहून, पदर खोचून कुणी जाब विचारतंय असं वाटतं. टोमणे आहेत, घरातले शब्द आहेत, मध्येच एकदम गळा दाटतो. मांडणी मात्र विस्कळीत आहे, तोच मुद्दा फिरून फिरून येतो. आणि त्यांची आदर्श स्त्री शेवटी पतिव्रताच राहते. आजच्या वाचकाला हे खटकेल, खटकायलाच हवं. पण नियम बाईला असेल तर पुरुषाला का नाही, हा त्यांचा प्रश्न त्यामुळे बोथट होत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विसरलंच गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादित केलं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानं छापलं. मध्ये ९३ वर्षं गेली. पुस्तक विसरलं जायला बंदीच लागते असं नाही. प्रती संपल्या आणि नवी कुणी काढली नाही, तरी पुरतं.

आता ‘फुकट’बद्दल. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. ताराबाई साधारण १९१० च्या सुमारास गेल्या, म्हणजे त्यांचा मजकूर केव्हाच मोकळा झाला. पण मालशांची प्रस्तावना मोकळी नाही. रोझलिंड ओहॅनलन यांचं १९९४ चं इंग्रजी भाषांतरही नाही. टेलिग्रामवर आलेली पीडीएफ उघडताना आत नेमकं काय आहे ते बघा. ताराबाईंचा मजकूर वाटणं वेगळं आणि दुसऱ्याची मेहनत न विचारता वाटणं वेगळं.

जुनी पुस्तकं शोधायला माझ्या दोन जागा. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन मिळतात. आधी मुखपृष्ठ आणि साल तपासायचं. दुसरी जागा मराठी विकिस्रोत. तिथे स्कॅन आणि टाइप केलेला मजकूर शेजारी-शेजारी असतो. पानावर लाल खूण म्हणजे तपासणी बाकी, पिवळी म्हणजे एकदा तपासलेलं, हिरवी म्हणजे दुसऱ्या व्यक्तीनंही पडताळलेलं. आपण वाचतोय त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे इतकं उघड सांगणारं दुकान मी पाहिलेलं नाही.

मोठ्या दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक बहुतेक वेळा आपलं होतही नाही, मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलचं ‘१९८४’ गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकलं होतं. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच. म्हणून हयात लेखकांची पुस्तकं मी थेट लहान प्रकाशकाकडून मागवते, नाहीतर वाचनालयातून आणते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. त्यांचे सभासद तरी आपण व्हायला हवं.

हक्क संपला म्हणजे पुस्तक वाचलं असं नाही. प्रत काढायची मोकळीक तेवढी मिळते, प्रत कुणीतरी काढावी लागते. विकिस्रोतावर खातं उघडायला पैसे लागत नाहीत आणि लाल खुणेची पानं भरपूर पडलेली आहेत. बस फाट्यावर येईपर्यंत एखादं तपासून होतं.