फोटो नाकारणारा संपादक

जून २०२०मध्ये जपानच्या ‘आसाही कॅमेरा’ या मासिकाचा शेवटचा अंक बाजारात आला. १९२६ साली सुरू झालेलं हे मासिक महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर अखंड निघत होतं. जाहिराती आधीपासूनच आटत चालल्या होत्या, उरल्यासुरल्या कोरोनाने नेल्या. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अंकानंतर ‘निप्पॉन कॅमेरा’ही थांबलं आणि ते काढणारी कंपनीसुद्धा गुंडाळली गेली. निकॉन, कॅनन, सोनी, फुजी ही नावं ज्या देशाने जगाला दिली, त्या देशातली दोन जुनी, मान्यवर छायाचित्रण-मासिकं वर्षभराच्या आत संपली. अमेरिकेत हे आधीच घडलं होतं. १९३७पासून निघणारं ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ २०१७मध्ये छापायचं बंद झालं, त्याच्याबरोबर ‘अमेरिकन फोटो’ही गेलं. व्यावसायिक छायाचित्रकारांचं ‘फोटो डिस्ट्रिक्ट न्यूज’ २०२०च्या सुरुवातीला मिटलं.

मासिकं गेली, पण फोटो शिकण्याची साधनं कधी नव्हती इतकी वाढली, हेही तितकंच खरं आहे. मग नेमकं काय हरवलं? छिद्रमान, शटरगती, प्रकाशयोजना यांची माहिती तर हरवलेली नाही. आपला फोटो कोणीतरी जाणत्या माणसाने हातात घ्यावा, नीट बघावा, बहुतेक वेळा बाजूला ठेवावा आणि का ठेवला ते छापून सांगावं, ही व्यवस्था हरवली आहे. ती व्यवस्था काय करू शकत होती, हे समजण्यासाठी पुन्हा जपानकडेच जावं लागतं.

युद्धात बेचिराख झालेल्या जपानमध्ये १९५०च्या सुमारास ‘कॅमेरा’ नावाच्या मासिकात वाचकांसाठी दरमहा स्पर्धा असे. परीक्षक होते केन दोमोन आणि इहेई किमुरा. दोघेही त्या काळातले अव्वल छायाचित्रकार, आणि दोघांचे पिंड अगदी वेगळे. दोमोन हौशी फोटोग्राफरांना बजावत असे की सजवलेली दृश्यं सोडा, समोरचं वास्तव जसं आहे तसं टिपा. गावोगावचे कारकून, विद्यार्थी, दुकानदार आपले प्रिंट पाठवत आणि पुढच्या अंकात परीक्षकांचा शेरा शोधत. नागोयातला शोमेई तोमात्सु हा विद्यार्थी त्यांपैकीच एक, किकुजी कावादा हा दुसरा. पुढे तोमात्सुने नागासाकीच्या अणुबॉम्बच्या जखमांवर पुस्तक केलं. कावादाचं ‘चिझू’, म्हणजे ‘नकाशा’, हे हिरोशिमावरचं पुस्तक १९६५मध्ये आलं, आणि आजही फोटोपुस्तकांच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. दोघेही कोणत्याही छायाचित्रण-महाविद्यालयात घडलेले नव्हते. एका मासिकाच्या मागच्या पानांवर परीक्षकांच्या नजरेस पडलेली ही पोरं होती.

दोमोनच्या शिकवणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच्या आग्रहाचा परिणाम असा झाला, की स्पर्धेत भिकारी आणि रस्त्यावरची मुलं यांच्या फोटोंची रीघ लागली आणि समीक्षकांनी त्याला ‘भिकारी छायाचित्रण’ असं नाव दिलं. एका माणसाच्या नजरेची सत्ता किती ताणली जाऊ शकते, याचं हे ठळक उदाहरण आहे. पण तो वादही छापील पानांवरच झाला, नावानिशी झाला, आणि त्यातून पुढची पिढी दोमोनशी भांडत स्वतःचं काही शोधू शकली. भांडायला समोर कोणीतरी ठाम उभं असावं लागतं. नंतर ‘कॅमेरा माइनिची’चा संपादक शोजी यामागिशी याने दाइदो मोरियामासारख्यांची खरखरीत, काळीकुट्ट, हललेली चित्रं पानंच्या पानं छापली. १९७४मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नव्या जपानी छायाचित्रणाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याची आखणी जॉन शारकॉव्स्की यांच्या जोडीने यामागिशीनेच केली. मासिकाचा संपादक एका देशाची दृष्टी दुसऱ्या देशापर्यंत पोचवत होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत ‘कॅमेरा ३५’ने आपला अंक जपानमधल्या मिनामाता शहराला दिला. हे मासिक मुळात पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्याच्या हौशी वाचकांचं. कारखान्याच्या पाऱ्याने विषारी झालेले मासे खाऊन मिनामाता परिसरातली माणसं कशी वाकडी झाली, मुलं जन्मतःच कशी पंगू झाली, हे युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ यांनी तिथे राहून टिपलं होतं. लेन्सची तुलना वाचायला अंक उघडणाऱ्या माणसासमोर ही चित्रं आली. कोणता विषय अंगावर घ्यावा, चित्रांचा क्रम कसा लावावा, कुठे पान मोकळं सोडावं, हे सगळं त्या अंकाने एका शब्दाचाही उपदेश न करता शिकवलं.

या परंपरेचा एक उगम मुंबईत आहे, आणि मराठी वाचकाला तो फारसा माहीत नसतो याची खंत वाटते. १८५४ साली मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापक सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. संस्थेचं नियतकालिक १८५५मध्ये निघू लागलं. पाठोपाठ विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक काढलं. एकूण चोवीस अंक, प्रत्येकात तीन फोटो. छपाईत फोटो उतरवण्याचं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रतीत खरे प्रिंट चिकटवलेले असत. त्याच दशकात एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक छायाचित्रकार झाले. संस्था, वर्ग आणि मासिक या तिन्ही गोष्टी एका शहरात, छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन वीस वर्षंही झालेली नसताना, एकमेकींना आधार देत उभ्या होत्या.

खप आणि प्रभाव यांचा मेळ या मासिकांच्या बाबतीत कधीच नीट बसला नाही. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या ‘कॅमेरा वर्क’चे १९०३ ते १९१७ या काळात पन्नास अंक निघाले, आणि शेवटी वर्गणीदार चाळीसही उरले नव्हते. तरी त्यातल्या ताम्रमुद्रित प्रतिमा इतक्या देखण्या असत, की ब्रसेल्सच्या एका प्रदर्शनासाठी धाडलेले मूळ प्रिंट वेळेत पोचले नाहीत तेव्हा मासिकातलीच पानं भिंतीवर लावण्यात आली.

लाखांचा खप असलेल्या मासिकांचा संसार मात्र निराळ्या पायावर उभा होता. ‘पॉप्युलर फोटोग्राफी’च्या जुन्या अंकांची मागची पानं न्यूयॉर्कच्या दुकानांच्या दरपत्रकांनी भरलेली असत. बारीक टायपात शेकडो कॅमेरे, लेन्स, फिल्मचे रोल आणि त्यांच्या किमती. अनेक वाचक अंक घेत ते त्या पानांसाठीच. हे दर इंटरनेटवर मिनिटामिनिटाला बदलत दिसू लागले आणि त्या पानांचं कामच संपलं. त्यातच कॅमेऱ्याची बाजारपेठ कोसळली. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१०मध्ये सुमारे १२ कोटी १० लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मधल्या काळात फोनने साधे कॅमेरे गिळून टाकले. जाहिरातदारच उरले नाहीत तिथे संपादकीय गुणवत्तेने मासिक तगलं असतं, असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. उलट एक दोष मान्य केला पाहिजे. ज्या कंपनीची जाहिरात मुखपृष्ठामागे, तिच्याच नव्या लेन्सचं परीक्षण आत, हा प्रकार या मासिकांत सर्रास चाले, आणि परीक्षणांची धार त्याने बोथट होत असे.

भारतात १९९७मध्ये मुंबईहून निघू लागलेलं ‘बेटर फोटोग्राफी’, शिवाय ‘एशियन फोटोग्राफी’, ‘स्मार्ट फोटोग्राफी’ या मासिकांनी एक पिढी वाढवली. जिल्ह्याच्या गावातल्या मुलाला यांचे अंक मोठ्या स्टेशनच्या स्टॉलवर मिळत, तेही इंग्रजीत, आणि किंमत खिशाला जड. म्हणून आज जे घडतंय त्याचं मोल कमी लेखू नये. लग्नाचे फोटो काढणारा जालन्याचा किंवा सावंतवाडीचा तरुण फ्लॅश भिंतीवरून कसा परतवावा, हळदीच्या पिवळ्या उजेडात त्वचेचा रंग कसा सांभाळावा, हे यूट्यूबवर हिंदीत आणि मराठीत बघून शिकतो. चुकलं की तोच भाग मागे नेऊन पुन्हा बघतो. पूर्वी हे ज्ञान मिळवण्यासाठी एखाद्या स्टुडिओत वर्षानुवर्षं दिवे उचलावे लागत, आणि मालकाची मर्जी असेल तरच ते मिळे. ही दारं उघडली, हे फार चांगलं झालं. यूट्यूबवरचे टेड फोर्ब्ससारखे लोक तर कॅमेऱ्यासमोर फोटोपुस्तकं उघडून पान न् पान समजावतात. इतका निवांतपणा मासिकांनाही क्वचितच परवडला असता.

तरीही हे शिक्षण एका दिशेने वाहतं. शिकवणारा दिसतो, शिकणारा काय काढून आणतो ते त्याला दिसत नाही. जाहिरातीचं ओझंही सुटलेलं नाही. वस्तू मोफत पाठवणारी कंपनी आणि खरेदीच्या दुव्यांवर मिळणारं कमिशन, एवढाच त्याचा वेष बदलला. फोटो दाखवायची जागा म्हणून २०१०मध्ये इन्स्टाग्राम आलं आणि तरुणांनी ते आपलंसं केलं. तिथे पसंतीचा आकडा मिळतो, कारण मिळत नाही. हजार लोकांनी पसंत केलेलं चित्र चांगलं का आहे, आणि कोणीच न पाहिलेलं चित्र वाईट आहे की फक्त चुकीच्या वेळी टाकलं गेलं, हे त्या तरुणाला कळायचा मार्ग नाही. २०२१मध्ये तर इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनीच स्पष्ट सांगितलं की हे आता केवळ फोटो वाटून घेण्याचं साधन राहिलेलं नाही. आपली कामं तिथे साठवलेल्या छायाचित्रकारांना चलतचित्रांकडे वळण्याचा इशारा होता तो.

पडद्यावरच्या ज्ञानाचा टिकाऊपणाही तपासून घ्यावा. १९९८मध्ये सुरू झालेलं ‘डीपीरिव्ह्यू’ हे संकेतस्थळ कॅमेऱ्यांच्या काटेकोर चाचण्यांसाठी जगभर प्रमाण मानलं जाई. मार्च २०२३मध्ये त्याचे मालक ॲमेझॉन यांनी ते बंद करण्याचं जाहीर केलं आणि पंचवीस वर्षांचा संचय पुसला जाणार असं दिसू लागलं. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं म्हणून वाचलं. मुंबईच्या त्या अल्बमचे अंक मात्र १६० वर्षांनंतरही ग्रंथालयांत उघडून बघता येतात.

वृत्तपत्रांचा छायाचित्र-विभाग ही आणखी एक शाळा होती, आणि तीही आकसत आहे. मे २०१३मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपले सगळे पूर्णवेळ छायाचित्रकार एका झटक्यात कमी केले. मुंबईच्या सफाई कामगारांच्या आयुष्यावर सुधारक ओलवे यांनी जे दीर्घ काम केलं, त्यामागे जे. जे.चं शिक्षण आणि वृत्तपत्रातल्या वर्षांची तालीम दोन्ही आहेत. रोज फोटो मागणारा, परत पाठवणारा, कातरणारा संपादक नव्या मुलाला आता क्वचितच भेटतो.

नाकारणारी नजर आज शिल्लक आहे ती मोजक्या ठिकाणी. ढाक्यात शाहिदुल आलम यांनी १९९८मध्ये ‘पाठशाला’ उभी केली, तिला जोडून ‘छबी मेळा’ हा महोत्सव सुरू केला. कोसळलेल्या राणा प्लाझा इमारतीच्या ढिगाऱ्यात एकमेकांना मिठी मारून गेलेल्या दोन जिवांचा फोटो जगाने पाहिला, तो काढणाऱ्या तस्लिमा अख्तर याच पाठशालेच्या. आपल्याकडे चेन्नईची छायाचित्रण-द्वैवार्षिकी, गोव्यात गावातल्या राहत्या घरांमध्ये चित्रं मांडणारा ‘गोवाफोटो’, दिल्लीहून निघालेलं ‘पिक्स’ हे नियतकालिक ही त्याच जातीची ठिकाणं. १९५२मध्ये मायनर व्हाइट, ॲन्सेल ॲडम्स आणि डोरोथिया लँग यांनी सुरू केलेलं ‘ॲपर्चर’ अजून छापलं जातं, कारण त्यामागे बाजार नाही, ना-नफा संस्था आहे. अडचण एवढीच, की कार्यशाळेची फी, प्रवास आणि इंग्रजी हे तिन्ही उंबरे ओलांडू शकणाराच तिथे पोचतो. दोमोनपर्यंत पोचायला एक टपाल तिकीट पुरत असे.

मराठीत यासाठी नवं मासिक काढण्याची गरज नाही. दिवाळी अंकांची इतकी मोठी परंपरा हाताशी आहे, त्यांत कथास्पर्धा होतात, व्यंगचित्रांना मानाची जागा मिळते. फोटो मात्र बहुतेक वेळा मुखपृष्ठापुरता किंवा लेखातली मोकळी जागा भरण्यापुरता येतो. एखाद्या अंकाने आठ पानं चांगल्या कागदावर राखून ठेवावीत, वाचकांचे फोटो मागवावेत, एका जाणत्या छायाचित्रकाराला परीक्षक नेमावं. निवडलेल्या सहा चित्रांखाली त्याने सविस्तर लिहावं. न निवडलेल्यांपैकी निदान चार चित्रं, ती काढणाऱ्यांची संमती घेऊन, का मागे पडली तेही त्याच पानांवर, स्वतःच्या नावानिशी लिहावं. छपाईचा खर्च थोडा वाढेल. जालन्याचा तो तरुण ते चार शेरे आधी वाचेल.